दाखला आणि हुन्नर

वऱ्हाडात पाहुणा विमानाने येण्याचे दिवस आले, हे आमच्या घरी यंदा कळले. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर २०२५ च्या एप्रिलात मुंबईचे विमान उतरू लागले, आणि ह्या वर्षी पोळा फुटून चार दिवस होतात न होतात तोच आमच्या दारात पहिले विमानी पाहुणे हजर झाले. नात्याने सौभाग्यवतींच्या मामेभावाचे चिरंजीव, म्हणजे आमचे भाचेबुवा. मुंबईच्या एका तयार कपड्यांच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहेत. कंपनीच्या मनात इकडे एक कारखाना काढायचे आहे. तेव्हा जागा कशी, पाणी कसे, वीज कशी, माणसे कशी, हे पाहून या म्हणून त्यांना धाडलेले.

आत्याच्या हातचे जेवण झाले, अमरावतीचा गिला वडाही चाखून झाला, आणि रात्री भाचेबुवांनी बॅगेतून एक छापील तक्ता काढला. त्यात एक रकाना होता ‘स्थानिक मनुष्यबळ’. त्याखाली तीन ओळी. कुशल, अर्धकुशल, अकुशल. सवयीप्रमाणे मी चष्मा लावून डोकावलो. भाचेबुवांनी शिसपेन्सिलीने आधीच लिहून ठेवले होते: ‘कुशल – नगण्य. अकुशल – मुबलक.’

मला तो ‘मुबलक’ शब्द फार लागला. जणू आमच्या गावात माणसे नव्हेत, मुरूम आहे!

“हे कुणाला विचारून लिहिलंत?” मी म्हटले.

“काका, सगळीकडे असंच असतं. कारागीर आम्ही बाहेरून आणतो. मदतनीस तेवढे गावातले घेतो.”

“शिसपेन्सिलीनं लिहिलंय ना? मग चार दिवस त्यावर शाई फिरवू नका. उद्यापासून माझ्याबरोबर चला.”

सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “त्याला सुखानं दोन घास खाऊ द्या आधी!” पण माझे ठरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागपूरच्या रस्त्याने नांदगाव पेठेला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे नि कपड्यांचे कारखाने ह्यापूर्वीच आलेले आहेत. त्यातच ‘पीएम मित्र’ ह्या नावाच्या वस्त्रोद्योग उद्यानाची भर पडली. देशात अशी सात उद्याने ठरली. त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याचे अमरावतीला आले. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभात पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. हजार एकरांची जागा. कापूस इथे, सूत इथे, कापड इथे आणि सदराही इथेच, अशी ती कल्पना. ऐकायला फार गोड आहे. दीडशे वर्षे आमचा कापूस गठाणीत बांधून बाहेर गेला आणि कापड होऊन परत आला, तेव्हा त्याची मजुरी कुणाच्या खिशात गेली हे सांगायला अर्थशास्त्री नको.

परतताना आम्ही एका बाईंकडे थांबलो. आमच्या घरातले पोलके-परकर ह्याच शिवतात. भाचेबुवांनी त्यांचे एक शिवलेले पोलके उलटसुलट करून पाहिले. शिवण पाहिली, बाहीची गोलाई पाहिली आणि मान डोलावली.

“ताई, काम उत्तम आहे. पण कारखान्यात अख्खं पोलकं कुणी शिवत नाही. एकीनं कॉलर, दुसरीनं कफ, तिसरीनं काजपट्टी. ठरलेल्या मिनिटांत ठरलेले नग.”

“म्हंजे दिवसभर नुसती कॉलरच?” बाईंनी विचारले. मग थोडा विचार करून म्हणाल्या, “शिकू ना. त्यात काय मोठं? पन मले सांगा, बस कुठवर येईन? संध्याकाळी सुटून घरी केव्हा पोचीन? अन् माहं लेकरू दिवसभर कोनापाशी ठेवू?”

भाचेबुवांनी तक्ता चाळला. ह्या तीन प्रश्नांना त्यात रकाना नव्हता. वास्तविक २०१७ पासून, जिथे पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असा कायदा आहे. पण कायदा एका कपाटात असतो आणि कामगारांचा तक्ता दुसऱ्या. बाईंचे कौशल्य कमी नव्हते. त्या कौशल्याला कारखान्यापर्यंत नेणारी बस नव्हती. अशा किती जणी ‘अकुशल’ ह्या ओळीत बसल्या असतील, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला निघालो. ह्या रस्त्याची एक कथा आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस काम करून अखंड टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. भाचेबुवा गाडीत मोठे खूष झाले. म्हणाले, “पाहा काका, मनात आणलं तर काय होऊ शकतं!”

“होतं खरं,” मी म्हटले. “रस्ता १०५ तासांत होतो. कारागीर होत नाही. तुमच्या कंपनीला मात्र दोन्ही एकाच हप्त्यात हवे असतात.”

अकोल्यात माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. वय सत्तरीच्या घरात. हयात जिनमध्ये गेली. लोकांना वाटते जिनचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. तो कापसाचा हंगाम. फिटरचा हंगाम त्याच्या आधी, श्रावण-भाद्रपदात. तेव्हा यंत्रे उघडायची, रोलर उतरवायचे, सुऱ्यांना धार लावायची. त्यामुळे मिस्त्री हमखास सापडणार हे मला ठाऊक होते.

वाचकांपैकी पुष्कळांनी जिन आतून पाहिले नसेल, म्हणून थोडे सांगतो. कापूस म्हणजे रुई आणि सरकी. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. ही फारकत करायला चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेला रोलर असतो. तो फिरताना रुईचे तंतू ओढून नेतो. त्याला टेकून एक स्थिर सुरी असते. ती सरकीला पलीकडे जाऊ देत नाही. दुसरी हलती सुरी सरकीला ठोकरून मोकळी करते. आता रोलर आणि सुरी ह्यांची जवळीक किती असावी, ह्यातच सगळी विद्या आहे. दाब जास्त झाला की चामडे तापते आणि झिजते. कमी झाला की रुई सरकीलाच चिकटून राहते. सुऱ्यांचे आपसांत जमले नाही तर सरकी चिरडते, तिचे कण रुईत जातात, तिथून सुतात आणि शेवटी तुमच्याआमच्या सदऱ्यात उतरतात.

आम्ही गेलो तेव्हा चाचणीसाठी चार यंत्रे चालू केलेली होती. मिस्त्री आमच्याशी बोलता बोलता थांबले. मान किंचित तिरकी केली.

“तिसऱ्या नंबरचा रोलर सुरीले घासून राह्यला,” ते म्हणाले.

आम्हाला नुसता खडखडाट ऐकू येत होता. यंत्र थांबवून झाकण काढले. रोलरच्या एका टोकाशी चामडे काळपटले होते.

भाचेबुवांचे डोळे विस्फारले. त्यांनी आदराने विचारले, “मिस्त्री, तुमचं शिक्षण काय?”

“चौथी नापास.”

“आणि ह्या कामाचं काही सर्टिफिकेट?”

मिस्त्री हसले. “कागद मले कोन देईन, बाप्पा? ज्यानं शिकवलं तो मेला, अन् जिथं शिकलो त्या जिनचे प्लॉट पडले.”

ह्या एका वाक्यात वऱ्हाडचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ मध्ये, विलायतेच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस अडला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली. मागून जिन-प्रेस उभे राहिले, मग गिरण्या आल्या. यंत्रे परकी होती. पण ती चालवणारे, दुरुस्त करणारे हात इथेच घडले. शाळा कुठली? जिन हीच शाळा आणि जुना मिस्त्री हाच मास्तर. गिरणीत ते काम जॉबर करी. पुढे बडनेऱ्याची विजय मिल थांबली, अकोल्याची सावतराम मिल थांबली. अचलपूरची फिनले मिल नव्या यंत्रांनिशी आली, तीही मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गिरणी बंद पडते तेव्हा आपण बुडालेले पगार मोजतो. तिच्याबरोबर गावातली एक शाळाही बंद पडते, ते कुणी मोजत नाही.

इतक्यात मिस्त्रींची नात डबा घेऊन आली. आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी. डबा बाजूला ठेवून तिने पिशवीतून पातळ पट्ट्यांचे फिलर गेज काढले आणि त्या तिसऱ्या यंत्राची फट मोजली. रोलरच्या एका टोकाला एक माप, दुसऱ्या टोकाला दुसरे. म्हणजे सुरी तिरकी बसली होती. आजोबांनी कानाने सांगितले ते नातीने आकड्यात मांडले.

“माह्या गेजमध्ये अन् आजोबाच्या कानात फरक नाही पडत,” ती म्हणाली. “फक्त आजोबाले आधी समजते.”

भाचेबुवा तिच्याकडे पाहतच राहिले. कपड्यांच्या कारखान्यात दोनशे शिलाईयंत्रे असली तर ती दुरुस्त ठेवणारा माणूस लागतो, आणि तो मिळता मिळत नाही, अशी त्यांची आदल्या दिवसापर्यंतची तक्रार होती.

“तुला इथं काम का नाही?” त्यांनी विचारले.

“जिन सहा महिने चालते. बाकीचे सहा महिने काय करू?” मग जरा अवघडून म्हणाली, “मले चाकणच्या कंपनीत लागलं आहे. भाऊबीज झाली की जाणार.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा यंत्राकडे पाहत बसले.

दुपारी आम्ही डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात गेलो. १९६९ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ कापसाच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. पण मला भाचेबुवांना दाखवायची होती ती इथे घडलेली पीकेव्ही मिनी दालमिल. तूर पिकवायची वऱ्हाडाने, डाळ करायची शहरातल्या मोठ्या मिलने, आणि तीच डाळ दुकानातून विकत आणायची पुन्हा वऱ्हाडाने, हा फेरा मोडावा म्हणून खेड्यात चालेल असे लहान यंत्र विद्यापीठाने तयार केले. गावोगावच्या बचतगटांनी ते घेतले. तुरीला तेल-पाणी किती लावायचे, किती वाळवायचे, साल सुटावी पण डाळ फुटून चुरा होऊ नये, हे सारे बाया शिकल्या. त्यांना कुणी ‘कुशल कामगार’ म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही. आपल्याकडे बाईने कौशल्य मिळवले की त्याला घरकाम म्हणतात!

रात्री परत अमरावतीला आलो. ओसरीवर बसल्यावर मी विजयी मुद्रेने विचारले, “काय भाचेबुवा, नगण्य का?”

पण पोरगा हुशार आहे. म्हणाला, “काका, मिस्त्रींना नमस्कार. पण माझ्या मालाची बोट ठरलेल्या दिवशी सुटते. दोनशे यंत्रं मी एका माणसाच्या कानावर चालवू शकत नाही. उद्या मिस्त्री आजारी पडले तर? त्यांची विद्या त्यांच्याबरोबर घरी जाते. म्हणून आम्हाला कागद लागतो.”

मला क्षणभर उत्तर सुचले नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते. कानातली विद्या दुसऱ्याच्या हातात उतरली नाही तर एका पिढीत संपते. आणि नुसता कागदही काय कामाचा? दाखला आहे पण यंत्राला हात लावलेला नाही, अशी मुले आपण घरोघर पाहतोच. गावात हुन्नर आहे त्याच्याकडे दाखला नाही. दाखला आहे त्याच्याकडे हुन्नर नाही. आणि दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ नाही. आमच्या दुखण्याचे मूळ हे. त्या नातीत मात्र दोन्ही एकत्र आले होते, आणि तिचे नाव पुण्याच्या गाडीत लिहिले गेले होते.

मध्यस्थी करायला सरकारने काही केले नाही असे मात्र नाही. आयटीआयची योजना १९५० ची. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत असा त्याचा नियम आहे. २०१६ च्या योजनेने त्यांच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना पंधराशे रुपयांपर्यंत, केंद्र सरकारने उचलला. ज्याने शाळेबाहेर काम शिकले त्याची परीक्षा घेऊन त्याला दाखला द्यावा, अशी सोय २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत केली गेली. २०२३ ची विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा धंद्यांत लोहार आहे, सुतार आहे, शिंपी आहे. जिनचा फिटर नाही! नागपूरला सिरकॉट ह्या केंद्रीय संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तेवढाच काय तो त्याला आधार.

“नियम मला पाठ आहेत, काका,” भाचेबुवा म्हणाले. “पण खरं सांगू? पुष्कळ ठिकाणी शिकाऊ म्हणून घेतात आणि वर्षभर खोकी उचलायला लावतात.”

“मग तुम्ही तसं करू नका. मिस्त्रीला मजूर म्हणून नको, मास्तर म्हणून बोलवा. शिलाईयंत्र त्यांना नवं असेल. पण यंत्र बिघडण्याआधी कसं ओळखावं, हे ते पोरांना दाखवतील. आणि हे गाव शिकवण्यात कमी नाही, बरं का.”

मी त्यांना दोन नावे सांगितली. एक, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी ह्या लहानशा गावात आखाडा काढला, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. दुसरे, तपोवन. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ते कुष्ठरोग्यांसाठी उभे केले, आणि नुसते औषध देऊन ते थांबले नाहीत. रोग्यांना सुतारकाम, विणकाम असे धंदे शिकवले. ज्या बोटांना जग शिवत नव्हते, ज्या बोटांची संवेदना गेलेली होती, ती बोटेही ह्या गावाने शिकवण्यालायक मानली. त्या गावाच्या नावापुढे ‘नगण्य’ कसे लिहायचे?

भाचेबुवा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी अचानक विचारले, “काका, तुमच्या मुलाला आयटीआयला का नाही घातलंत?”

आतमध्ये भांड्यांचा आवाज थांबला. सौभाग्यवतीही ऐकत होत्या.

खरे सांगतो, वाचकहो, मी त्याला लहानपणी दम द्यायचो तो असा: “अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला टाकीन!” मोडलेली घड्याळे खोलून बसणारा मुलगा होता तो. आम्ही त्याला ओढून-ताणून इंजिनीयर केले. आता पुण्याला एका कचेरीत बसून तो आकड्यांचे तक्ते भरतो. पगार चांगला आहे, तक्रार काही नाही. पण दिवाळीला घरी आला की पहिल्या दिवशी मिक्सर उघडून बसतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख दिसते ते एरवी दिसत नाही. ‘कुशल – नगण्य’ असे मुंबईच्या कंपनीने लिहिले म्हणून मी रागावलो. पण त्याच्या कितीतरी आधी, तुमच्याआमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांनी हातातल्या हुन्नराला नगण्य ठरवून टाकले होते. कंपनीने फक्त आमचेच शब्द छापील तक्त्यात भरले.

चौथ्या दिवशी सकाळी भाचेबुवांनी खोडरबर मागितले. सौभाग्यवतींनी नातवाच्या कंपासपेटीतले काढून दिले. त्यांनी ‘नगण्य’ खोडले, ‘मुबलक’ही खोडले. त्या जागी मावेना म्हणून वेगळा कागद जोडला. ‘शिवणाऱ्या बायका गावात आहेत, बस आणि पाळणाघर दिल्यास दोन महिन्यांच्या सरावाने तयार होतील. यंत्रदुरुस्तीसाठी बाहेरची माणसे आणण्याआधी अकोला-अमरावतीच्या आयटीआयमधून शिकाऊ उमेदवार घ्यावेत. त्यांना शिकवण्यासाठी जिनच्या जुन्या फिटरांना मानधनावर बोलवावे.’ खाली सही केली, शाईने.

जाताना त्यांनी मिस्त्रींच्या नातीला फोन लावला. कारखाना उभा राहायला अजून वर्ष-दीड वर्ष तरी लागेल, हे तिच्यापासून लपवले नाही.

“तवर मी चाकणले शिकून घेतो,” ती पलीकडून म्हणाली. “पन कारखाना सुरू झाला तर मले कळवसान ना? आजोबा तवर वाट पाह्यतीन म्हन्तात.”

भाचेबुवांच्या कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. मुंबईच्या टेबलावर असे जोडकागद कधी कधी टाचणीसकट हरवतात, हे मला माहीत आहे. तरी भाचेबुवांना मी दर आठवड्याला फोन करतो, आणि ते माझा फोन अजून उचलतात. उत्तर आले की ह्याच सदरात कळवीन.

तोवर एक विनंती. ह्या दिवाळीत घरातला मुलगा किंवा मुलगी आकाशकंदिलाची वायर स्वतः जोडू म्हणाली, तर “राहू दे, माणूस बोलावू” असे म्हणू नका. मुख्य बटण बंद करा, शेजारी उभे राहा, आणि जोडू द्या.